वस्तीतल्या मुलांच्या खेळाचा पैसा पोलीस खात्यातून का यावा?

२ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज प्रदान केला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी २ ते ८ जानेवारी हा आठवडा 'पोलीस रेझिंग डे सप्ताह' म्हणून साजरा होतो. शाळांमध्ये शस्त्रांचे प्रदर्शन लागते, व्यसनमुक्तीची दौड निघते, कुठे कबड्डी, कुठे टेनिस बॉल क्रिकेट. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन रात्री उशिरा परतलेली आपली मुलेही यातल्या काही संघांत असतात. टी-शर्ट मिळतो, फोटो निघतो, ठाणेदार साहेबांच्या हस्ते चषक मिळतो. नऊ तारखेला मुले पुन्हा रस्त्यावर खेळायला लागतात, कारण मैदान काल नव्हते आणि आजही नाही.

अशा स्पर्धांविषयी कार्यकर्त्यांमध्ये नेहमी दोनच मते ऐकू येतात. एक, पोलीस आपल्याला फितवायला येतात, त्यांना वस्तीत पाय ठेवू देऊ नका. दुसरे, मुले गांजा-बटन सोडून मैदानावर येत असतील तर काय वाईट आहे? दोन्ही मते पोलिसांच्या हेतूबद्दल आहेत. हेतूवरचा वाद कधी संपत नाही. मला त्यापेक्षा साधा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: या खेळाचा पैसा सरकारच्या कोणत्या खात्यातून येतो, आणि त्या खात्यातून आल्याने मुलाचे काय होते?

हिशेबाच्या वहीतले तीन आकडे

सरकारी खर्चाला लेखाशीर्ष असते. केंद्रात आणि सर्व राज्यांत मुख्य शीर्षांचे क्रमांक सारखेच आहेत. २०५५ म्हणजे पोलीस. २२०४ म्हणजे क्रीडा व युवक सेवा. २२२५ म्हणजे अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीयांचे कल्याण. याशिवाय कोणत्याही मुख्य शीर्षाखाली ७८९ हा उपक्रमांक दिसला, तर तो पैसा अनुसूचित जाती उपयोजनेचा, म्हणजे जुन्या भाषेत विशेष घटक योजनेचा.

हे आकडे कारकुनी वाटतात, पण एकाच मुलावर खर्च झालेला एकच रुपया या तीन ठिकाणांहून आला तर त्याचा अर्थ तीन प्रकारे बदलतो. २२०४ मधून आला तर तो मुलगा खेळाडू आहे. कार्यक्रम यशस्वी झाला का, हे किती मुले नियमित येतात, किती जिल्हा-विभाग पातळीवर पोहोचली, यावरून ठरते. २२२५ किंवा ७८९ मधून आला तर तो हक्कदार आहे, शेकडो वर्षांच्या वंचिततेची भरपाई म्हणून राज्याने बाजूला ठेवलेल्या पैशाचा. २०५५ मधून आला तर? पोलीस खात्याचे काम गुन्हे रोखणे आणि सुव्यवस्था राखणे आहे. त्या खात्याला खर्चाचे समर्थन करायचे तर एवढेच लिहिता येते की या खेळामुळे गुन्हे कमी होतील. म्हणजे मुलाने पहिला चेंडू टाकण्याआधीच कागदावर तो संभाव्य गुन्हेगार झालेला असतो. यासाठी कोणा अधिकाऱ्याचा हेतू वाईट असावा लागत नाही, त्या शीर्षाची भाषाच तशी आहे.

आपल्या राज्यघटनेत पोलीस आणि खेळ हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत, पोलीस दुसऱ्या नोंदीत आणि खेळ तेहतिसाव्या नोंदीत. बाबासाहेबांच्या घटनेने हे दोन विषय वेगळे ठेवले आहेत. ते एकत्र आणायचे असतील तर त्याचे कारण सरकारने सांगायला हवे.

काळ्या वस्त्यांतले रात्रीचे बास्केटबॉल

या गोष्टीचा सर्वात शिकण्यासारखा अनुभव अमेरिकेतला आहे. ज्या देशातल्या ब्लॅक पँथरचे नाव १९७२ मध्ये आपल्या पँथरने घेतले, तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधला.

मेरीलँड राज्यातल्या ग्लेनार्डन या गावात १९८६ मध्ये जी. व्हॅन स्टँडिफर यांनी 'मिडनाइट बास्केटबॉल' सुरू केले. नियम तीन होते. खेळाडू १७ ते २१ वयाचे, सामने रात्री १० ते २ या वेळेत, आणि प्रत्येक सामन्याला दोन गणवेशधारी पोलीस हजर. कल्पना सोपी होती: ज्या वेळी आणि ज्या वयात मुले अडचणीत सापडतात, त्या वेळी त्यांना खेळाच्या हॉलमध्ये ठेवायचे. शहराशहरांत ती पसरली. रिपब्लिकन अध्यक्ष थोरल्या बुश यांनी तिचा जाहीर गौरव केला.

मग १९९४ आले. क्लिंटन सरकारने सुमारे ३० अब्ज डॉलरचा गुन्हेगारीविरोधी कायदा आणला आणि त्यात अशा रात्रीच्या खेळांसाठी थोडी रक्कम ठेवली. एकूण खर्चात ती नगण्य होती. पण वादात सगळ्यांच्या तोंडी तीच आली. कालपर्यंत कौतुक करणाऱ्या पक्षाचे लोक आता म्हणू लागले, गुंडांना चेंडू खेळायला करदात्यांचा पैसा कशाला? हीच रक्कम शिक्षण किंवा क्रीडा विधेयकात असती तर असा प्रश्न विचारणे अवघड गेले असते. गुन्हेगारीच्या कायद्यात ठेवल्याने खेळणारा प्रत्येक काळा मुलगा आपोआप गुन्हेगारांच्या रांगेत उभा राहिला. कायदा सप्टेंबर १९९४ मध्ये झाला, पण तोपर्यंत हा उपक्रम देशभर चेष्टेचा विषय झाला होता.

डग्लस हार्टमन या समाजशास्त्रज्ञाने यावर अनेक वर्षे अभ्यास करून २०१६ मध्ये पुस्तक लिहिले. अशा लीगमध्ये खेळणाऱ्या मुलांची संख्या इतकी थोडी असते की शहराच्या गुन्हेगारीवर तिचा थेट परिणाम होईल असे मानणे कठीण आहे, ही त्यातली साधी बाजू. दुसरी बाजू आपल्या जास्त कामाची आहे. गरीब काळ्या मुलांना खेळ द्यायचा तर तो 'धोका कमी करण्यासाठी' द्यावा लागतो आणि गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांना तो 'व्यक्तिमत्त्व विकासासाठी' मिळतो. खेळ एकच, पण कारण वस्ती पाहून बदलते.

इथे थोडे थांबून आपल्याकडे पाहा. सोसायटीतल्या मुलांच्या उन्हाळी शिबिराच्या पत्रकावर 'गुन्हेगारीकडे वळू नये म्हणून' असे लिहिलेले तुम्ही कधी वाचले आहे का?

आपल्याकडे हे कसे चालते

भारतात पोलीस आणि युवकांचा खेळ यांची सर्वात मोठी सांगड माओवादग्रस्त जिल्ह्यांत आहे. केंद्र सरकारच्या सुरक्षाविषयक खर्चाच्या योजनेत राज्यांना ज्या बाबींचा परतावा मिळतो, त्यात 'सामुदायिक पोलिसिंग' ही मान्य बाब आहे. तिथे तैनात केंद्रीय दलांना 'सिव्हिक ॲक्शन प्रोग्रॅम'खाली वेगळा निधी मिळतो, त्यातून आरोग्य शिबिरे होतात, क्रीडा साहित्य वाटले जाते. आपल्या गडचिरोलीत पोलिसांच्या 'दादालोरा खिडकी' या उपक्रमातून दुर्गम भागात दाखले आणि योजना पोहोचवल्या जातात, आणि जिल्हा पोलीस आदिवासी तरुणांच्या स्पर्धाही भरवतात. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०२४ मध्ये 'बस्तर ऑलिंपिक' झाले. त्याच्या समारोपाला १५ डिसेंबरला स्वतः केंद्रीय गृहमंत्री जगदलपूरला गेले. आत्मसमर्पण केलेले आणि सुरुंगस्फोटात अपंग झालेले लोकही त्यात खेळले.

या कामाला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. जिथे तलाठी आणि डॉक्टर पोहोचत नाहीत तिथे पोलीस ठाणे हेच सरकार असते, आणि त्या मुलीला धावायला मिळाले हे खरे आहे. पण प्रश्न तिथेच आहे. धावण्याचा ट्रॅक मिळायला गावात आधी संघर्ष पेटावा लागतो का? शांत असलेल्या वस्तीला क्रीडा विभाग का सापडत नाही?

केरळने थोडा वेगळा मार्ग घेतला. २०१० मध्ये तिथे 'स्टुडंट पोलीस कॅडेट' सुरू झाले. कवायत, शारीरिक प्रशिक्षण, कायद्याची ओळख. केंद्राने २०१८ मध्ये तो कार्यक्रम आठवी-नववीच्या वर्गांसाठी देशभर नेला. त्यात पोलीस आहेत, पण उपक्रम शाळेत चालतो आणि जबाबदारी शिक्षकावर असते. मुलगा विद्यार्थी म्हणून येतो. हा फरक छोटा दिसतो, पण आपण पुढे जे मागणार आहोत त्याच्याशी तो जोडलेला आहे.

मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला कमिट्यांनी पोलीस आणि वस्तीतल्या तरुणांना क्रिकेटच्या निमित्ताने एकत्र आणले. तिथे खेळ एकटा नव्हता. बाजूला नियमित बैठका होत्या, तिथे पोलिसांना प्रश्न विचारता येत होते. बैठकीशिवाय नुसता सामना ठेवला तर तो फोटोपुरता उरतो.

शहरांतल्या बहुतेक पोलीस स्पर्धांचा पैसा तर सरकारी नसतोच. तो येतो 'सौजन्य'मधून: कोणी बिल्डर, कोणी नगरसेवक, कोणी बारमालक. फलकावर त्यांची नावे असतात. उद्या त्याच बिल्डरविरुद्ध वस्तीतले लोक पुनर्वसनाच्या तक्रारी घेऊन ठाण्यात गेले, तर समोरच्या अधिकाऱ्याच्या स्पर्धेचे टी-शर्ट त्याच बिल्डरने दिलेले असतात. म्हणून माझे मत असे की पोलिसांनी मुलांसाठी काही करायचेच असेल तर ते सार्वजनिक पैशातून, मंजूर तरतुदीतून करावे. त्या पैशाचा हिशेब तरी मागता येतो.

यादी कुठे जाते?

आपल्या समाजाचा पोलिसांशी संबंध कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण गेले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला कोठडीत त्याचा मृत्यू झाला. गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळायला उच्च न्यायालयात जावे लागले. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती देशाच्या १६.६ टक्के होत्या, पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंग अहवालांत कैद्यांमधले त्यांचे प्रमाण पाचव्या हिश्शाहून अधिक दिसते.

अशा वेळी एक व्यावहारिक गोष्ट आपण डोळ्यांआड करू नये. स्पर्धेच्या नोंदणीला मुलाचे नाव, पत्ता, मोबाइल नंबर, आधारची प्रत, फोटो घेतात. ही कागदपत्रे ज्या ठाण्यात राहतात, त्याच ठाण्यातून १४ एप्रिलच्या मिरवणुकीआधी प्रतिबंधात्मक नोटिसा निघतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७, ११० आणि १४९ या कलमांखाली त्या निघत. आता नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलमे १२६, १२९ आणि १६८ झाली आहेत. खेळाची यादी नोटिसांच्या यादीसाठी वापरलीच जाते, असा माझा आरोप नाही. पण ती वापरली जाऊ नये अशी कोणतीही भिंत तिथे बांधलेली नसते, आणि आपणही ती मागत नाही.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी कायद्याने काही भिंती आधीच दिल्या आहेत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १०७ नुसार प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असला पाहिजे. कलम ७४ नुसार मुलाविरुद्धच्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करता येत नाही. २०१६ च्या नमुना नियमांत मुलांशी बोलणाऱ्या पोलिसाने शक्यतो साध्या कपड्यांत असावे असे म्हटले आहे. मग मुलांच्या खेळाच्या कार्यक्रमात बंदूकधारी बंदोबस्त आणि शस्त्रप्रदर्शन कशासाठी, हा प्रश्न अवाजवी नाही.

पोलिसांकडून काय घ्यावे

आपल्या घरांतही पोलीस आहेत, हे विसरून चालणार नाही. कितीतरी वस्त्यांतली मुले-मुली पहाटे साडेचारला उठून हायवेच्या कडेने धावतात, कारण पोलीस भरती. शारीरिक चाचणी ५० गुणांची, मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा घरी नसतो. मोजलेला ट्रॅक नसतो. धावण्याची पद्धत चुकते, गुडघे जातात, आणि अर्ध्या गुणाने वर्ष जाते.

इथे पोलीस खाते खरोखर उपयोगी पडू शकते. जिल्हा मुख्यालयाच्या कवायत मैदानावर आठवड्यातून ठरलेले दिवस सकाळी प्रवेश, एक प्रशिक्षक, मोजमापाचा सराव. याला फारसा नवा पैसा लागत नाही. आणि इथे तरुण संभाव्य गुन्हेगार म्हणून नव्हे, भावी सहकारी म्हणून जातो. रेझिंग डेच्या एका दिवसाच्या चषकापेक्षा वर्षभराचा हा एक तास मोलाचा आहे. मुलींसाठी तर अधिकच, कारण संध्याकाळी उघड्या मैदानावर त्यांना पाठवायला घरचे तयार नसतात, आणि स्वच्छतागृह असलेली जागा क्वचितच मिळते.

आणि मूळ पैसा

खेळाचा खरा पैसा मात्र पोलिसांकडे मागायचाच नाही. २०२५-२६ मध्ये केंद्राने 'खेलो इंडिया'साठी १,००० कोटी ठेवले. राज्यात क्रीडा संचालनालयाच्या 'क्रीडांगण विकास अनुदान' आणि 'व्यायामशाळा विकास अनुदान' या योजना जिल्हा वार्षिक योजनेतून चालतात, आणि त्यांच्यासाठी अनुसूचित जाती उपयोजनेतूनही तरतूद होते. शिवाय 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास' ही जुनी योजना आहेच. (धर्मांतराला इतकी वर्षे झाली तरी सरकारी कागदावर आपण 'नव'च राहिलो, ते सोडा.) तिचा बहुतेक पैसा रस्ते, गटार आणि समाजमंदिरांवर जातो.

मग अनुदान पोहोचत का नाही? वस्त्यांत काम करताना सर्वात जास्त वेळा आडवा आलेला अडथळा जागेचा. अर्ज करणाऱ्या संस्थेकडे जागेचा सातबारा, मालकीपत्रक किंवा करार लागतो. झोपडपट्टीतल्या मंडळाकडे तो कुठून येणार? विहाराची जागासुद्धा अनेक ठिकाणी नावावर नसते. अर्ज तिथेच पडतो. आणि पोलीस स्पर्धेला जागेचा कागद लागत नाही, एक दिवस रस्ता बंद केला की झाले. आपल्या वस्त्यांत क्रीडा विभाग न दिसता पोलीस ठाणे दिसते, त्यामागे कटापेक्षा हे जास्त मोठे कारण आहे. यावर उपाय महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानाचा: मालकी त्यांची, अर्ज त्यांच्या नावाने, संध्याकाळी वापर वस्तीचा, असा लेखी ठराव करून घ्यायचा.

दुसरा अडथळा वळवलेल्या निधीचा. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याबद्दल खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्येच उपयोजनेच्या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात तशा कायद्याची मागणी अजून मागणीच आहे. एका बाजूला हक्काचा पैसा वळवायचा आणि दुसऱ्या बाजूला त्याच मुलांना पोलिसांच्या चषकाने समजूत काढायची, हे दोन्ही एकत्र पाहिले तर चित्र स्पष्ट होते.

माहिती अधिकाराचा अर्ज दोन ठिकाणी करा. राज्यातल्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. पहिला अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे: गेल्या तीन वर्षांत अनुसूचित जाती उपयोजनेतून क्रीडांगण व व्यायामशाळा अनुदान किती मंजूर, किती खर्च, कोणत्या संस्थांना, किती अर्ज कोणत्या कारणाने नामंजूर. दुसरा पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या कार्यालयात: गेल्या तीन वर्षांत युवकांसाठी घेतलेल्या क्रीडा उपक्रमांवरचा खर्च, त्याचे लेखाशीर्ष, खासगी प्रायोजक असल्यास त्यांची नावे, सहभागींकडून घेतलेल्या माहितीचा नमुना आणि ती किती काळ व कोणाकडे ठेवली जाते.

ठाण्यातून स्पर्धेचे निमंत्रण आले तर मंडळाने जरूर जावे, पण आधी चार ओळींचे पत्र द्यावे. नोंदणीत नाव आणि वय एवढेच देऊ, यादी मंडळाकडे राहील, अठरा वर्षांखालील मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, समन्वय बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने करावा. पत्राची पोच घ्यावी.

पुढच्या वर्षाचा जिल्हा वार्षिक आराखडा हिवाळ्यात तयार होतो आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीपुढे जातो. शाळेच्या मैदानाचा ठराव, नकाशा आणि प्रशिक्षकाच्या मानधनाची मागणी असे तीन कागद त्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि समाजकल्याण सहायक आयुक्त या दोघांच्या आवक क्रमांकासह जमा झालेले असले पाहिजेत.